समासातल्या मॅडम

दि. ५ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. टपालाने पत्रं लिहिणारी सासू-सून आता दिवा घेऊन शोधावी लागेल, असं तुझा नवरा म्हणतो. म्हणू दे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म हेडफोन लावून काढला, त्यात कान गेले. आता फोनवर तू बोललीस की मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. मग दोन दिवस नसत्या काळजीत जातात. त्यापेक्षा कागद बरा.

तू तिकडे कॉलेजात लागल्यापासून दुपार काही केल्या सरत नाही. म्हणून तुझ्या जुन्या लॅपटॉपवर तू दाखवून ठेवलेली ती वर्गाची फाइल उघडून बसते. चांगली करमणूक आहे. तुझी पोरं एकाच कागदावर एकदम लिहितात आणि ज्याची त्याची रंगीत रेघ लुकलुकत पुढे सरकते. एक पठ्ठ्या दुसऱ्याचं वाक्य सरळ उचलून आपल्या परिच्छेदात नेऊन ठेवतो, आणि त्याला वाटतं कोणाच्या बापाला कळत नाही. आम्हीही लाइनवर सगळं ऐकायचो आणि तोंडातून ब्र काढायचो नाही.

एक मुलगी मात्र जिवाला लागली आहे. 'आपल्या घरातलं काम' या तुझ्या विषयावर ती आईबद्दल लिहिते. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुते. पोर एक ओळ लिहिते, पुसते, परत लिहिते, परत पुसते. तिच्या गटातले बाकीचे तिघे तिच्या ओळींना दात काढलेले चेहरे चिकटवतात. तिच्याकडे जरा लक्ष ठेव.

नोकरीत कायम व्हायचं कुठवर आलं ते कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.

तुझी सासू


दि. १४ ऑगस्ट

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने स्टाफरूममध्ये माझा भाव वधारला आहे. सासूचं पत्र आलं की मी हसते, हे आमच्या ग्रंथपालबाईंना पटतच नाही. आत काहीतरी टोमणे असणार आणि मी ते लपवते, असं त्यांचं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणता ती मुलगी हुशार आहे, पण बुजरी. वर्गाच्या ग्रुपवर तिला चादरवाली म्हणतात. मी एकदा दटावलं होतं. पुन्हा दटावायला हवं, पण रोज नवं काहीतरी निघतं आणि ते राहून जातं. एकाने राबायचं आणि चौघांनी नावं लावायची, हा जुना धंदा बंद व्हावा म्हणून मी एकत्र लिहायची फाइल सुरू केली. कोणी किती लिहिलं, कोणी काय पुसलं, सगळं त्यात राहतं. प्राचार्यांना मात्र ही थेरं वाटतात. पोरांना मोबाइल कमी होता का, असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. नोव्हेंबरात निवड समिती बसेल, तेव्हा माझ्या या थेरांचाच हिशोब होणार आहे. दोन वर्षं तात्पुरती काढली, आता तिसरं नको.

एक सांगायचं राहिलं. त्या लॅपटॉपवर अजून माझंच खातं उघडं असेल. वर कोपऱ्यात माझा फोटो दिसतो, त्यावर दाबून बाहेर पडा. तुम्हाला नुसतं वाचता येईल अशी लिंक मी वेगळी पाठवते. नाहीतर चुकून तुमचा हात लागायचा आणि पोरांना वाटायचं, मॅडमच आल्या.

तुमच्या लेकाला म्हणावं, गादीवर ओला टॉवेल टाकू नये. आहे तसाच जीव लावत राहा.

आपली सून


दि. २१ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

लिंक आली नाही, पण घाई नाही. तुला कामं काय थोडी आहेत!

इकडे सगळं ठीक. टॉवेलचा निरोप दिला. तो आता खुर्चीवर टाकतो. तेवढीच प्रगती म्हणायची.

सहज विचारते, निबंधाचा समारोप कसा करतात? म्हणजे समजा, एखादीने सगळं मांडलं आणि शेवटाला अडली, तर काय लिहावं? आमच्या वेळी शाळा सुटली ती थेट एक्स्चेंजच्या खुर्चीवर बसले. कॉलेजची इमारत रोज बसमधून दिसायची. फाटकाशी मुली घोळक्याने उभ्या असायच्या. तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.

त्या मुलीला चादरवाली म्हणू देऊ नकोस बाई. तिची आई रात्रपाळी संपवून सकाळी येते आणि ही तिचा चहा करून मगच कॉलेजला निघते. पहिल्या तासाला उशीर का होतो, याचं कारण ते आहे. मला कसं ठाऊक म्हणशील, तर फाइलमध्ये सगळं असतं. हल्ली ती पुसत नाही, पाहिलंस का? भाषाही चांगली भारदस्त झाली आहे. कोणी पाठीवर हात ठेवला की माणूस उभं राहतं.

तुला दिवसातून पन्नास वेळा लोक मॅडम म्हणत असतील. ती हाक किती गोड असते, ते तुला आता जाणवतही नसेल. असो, म्हातारीची बडबड. सांभाळून राहा, आणि माझ्यावर राग धरू नकोस, असं उगीच लिहावंसं वाटलं.

तुझी सासू


दि. १८ ऑक्टोबर

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

इथे मोठं लचांड झालं आहे. बाहेरून कानावर येण्याआधी मीच लिहिते.

त्या गटातल्या एका मुलाने कॉलेजच्या मुलांच्या पानावर स्क्रीनशॉट टाकला. त्या मुलीच्या निबंधात सबंध परिच्छेद माझ्या नावाने लिहिलेले दिसतात. समासात माझ्याच नावाने कमेंट आहेत. कामाच्या धांदलीत मी ती फाइल कित्येक आठवडे उघडलीच नव्हती. 'रडायला काय झालं? घोटभर पाणी पी आणि बस लिहायला,' अशी एक. खाली पोरांनी धुमाकूळ घातला आहे. मॅडमकडे निबंध घरपोच मिळतात, ऑर्डर कुठे द्यायची, असं सगळं. काही पालकांनीही तोंडसुख घेतलं.

प्राचार्यांनी बोलावलं. मी सांगितलं, हे मी लिहिलेलं नाही. मग कोणी लिहिलं, असा प्रश्न आला. ती मुलगी एकदा स्टाफरूममध्ये माझ्या संगणकापाशी एकटी बसली होती, एवढंच मी म्हटलं. पुढचं त्यांनी जोडलं. तिने माझा पासवर्ड चोरून स्वतःचीच वाहवा लिहिली, असं आता सगळे धरून चालले आहेत. तिला समोर बसवलं. ती म्हणाली की मॅडम दोन महिने तिच्याशी समासात बोलत होत्या, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, ही खोटं बोलते आहे. चौकशीचा निकाल यायचा आहे. बहुतेक तिचं वर्ष जाईल. त्या दिवसापासून ती वर्गात आली नाही.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. घरात हा विषय काढू नका. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि तो लॅपटॉप जुना झाला आहे, फार तापतो. काही दिवस उघडूच नका.

काळजी घ्या, एवढंच मागते.

आपली सून


दि. २६ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाई हिस,
अ. उ. आ.

पत्र येऊन चार दिवस झाले. सर्दी झाली होती असं लिहिणार होते. सर्दी वगैरे काही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या मुलीच्या मॅडम म्हणजे मी. खातं बंद करायला तू सांगितलं होतंस, मी केलं नाही. एका दुपारी तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि नंतर कितीतरी वेळ काही उमटेना. मला राहवलं नाही. समासात दोन शब्द धीराचे लिहिले. लगेच तिचं उत्तर आलं, थँक्यू मॅडम. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की बाई गं, मी मॅडम नाही, मॅडमची सासू. नाही सांगितलं. मला ती हाक आवडली. दुसऱ्या दिवशी ती परत ऐकायची म्हणून मी परत लिहिलं, आणि मग चटकच लागली. बोलणं जोडून दिलं की लाइनवरून बाजूला व्हायचं, हा आमचा नोकरीतला पहिला धडा. नोकरीभर पाळला आणि म्हातारपणी मोडला.

सांगते ते सगळंच सांगते. पुढे पुढे मी तिचे परिच्छेदही स्वतःच लिहू लागले. तिने लिहिलं होतं, आई पाळीवरून येते तेव्हा तिचे हात इस्त्रीसारखे तापलेले असतात, म्हणून ती मला जवळ घेत नाही. ते पुसून मी घातलं, मातेच्या कष्टाळू करांना मायेची ऊब असते. तेव्हा मला ते फार शोभिवंत वाटलं. कागदावर पुन्हा लिहिताना लाज वाटते आहे.

तुझ्या नावाला काळिमा लागला माझ्यामुळे, आणि चोर ठरली ती पोर. अन्नावर वासना नाही. तू म्हणशील त्या दिवशी येते आणि प्राचार्यांपुढे उभी राहून सांगते. थेट त्यांनाच लिहिणार होते, पण तुझं कायम होणं बुडेल या भीतीने हात आखडला. आता तू ठरव. म्हणजे बघ, पाप माझं आणि ओझं तुझ्याच डोक्यावर.

लॅपटॉप उघडू नका असं तू का लिहिलंस, यावर मी फार विचार केला. विचारत नाही. तुला वाटलं तर सांग.

क्षमा मागायलाही तोंड नाही. तरी टाकू नकोस.

तुझी सासू


दि. १६ नोव्हेंबर

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं नाहीत तरी सांगते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझा प्रबंध अडला की तुम्ही स्वयंपाकघरातून मला हेच ओरडून सांगायचात, घोटभर पाणी पी आणि बस लिहायला. स्क्रीनशॉटमध्ये ते वाचलं तेव्हा तुमचा आवाजच कानात आला. तरी मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. तुम्ही न कळून चुकलात. मी कळून सवरून केलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा निवड समितीची बैठक तोंडावर होती. या, असं कळवायला मला एक ओळ पुरली असती. मी मनाशी म्हटलं, आईंना या वयात एवढा प्रवास नको. केवढी माझी काळजी! बैठक झाली, मी कायम झाले. सहकाऱ्यांनी हार घातला आणि तो मी घालून घेतला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चौकशीचे कागद मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाले, यापुढे खातं बंद करून उठत चला. माझी शिक्षा तेवढीच. मुलीवरचा ठपका त्यांनी काढला, तिने पुढच्या सत्रात परत यावं असंही म्हणाले. पण तिने दोन दिवस आधीच दाखला नेला होता. ती आता आईच्याच खात्यात चादरींच्या घड्या घालते.

काल तिच्या घरी गेले. जिन्याखालची खोली आहे. आई पाळी करून झोपली होती, म्हणून आम्ही बाहेरच्या बोळात उभ्या राहून बोललो. मी सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं. मला ती मॅडम म्हणाली नाही. तिने फक्त एक विचारलं. पाणी पी म्हणणाऱ्या खोट्या मॅडम, आणि मला खोटारडी ठरवणाऱ्या खऱ्या मॅडम, असंच ना?

राग तिला तुमचाही आहे. हातांबद्दलचं तिचं वाक्य तुम्ही का पुसलंत, हे तिला विचारायचं आहे, आणि ते समोर बसवून विचारायचं आहे. परत कॉलेजात यायचं की नाही, हे ती त्यानंतर ठरवणार आहे. तिने तुम्हाला रविवारी दुपारी बोलावलं आहे.

तुम्ही या. मी स्टँडवर घ्यायला येते आणि बोळाच्या तोंडापर्यंत सोडते. त्यापुढे यायला तिने मला सांगितलेलं नाही.

तुमची म्हणवून घ्यायला कचरणारी,
सून