कट्ट्याची उंची

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आम्ही बांधलेल्या इमारतीखाली छोटी दुकानं सुरू झाली. नकाशात त्यांच्यापुढे कुंपण होतं. मी भांडून कट्टा करवला, तुमच्या शिलाईच्या दुकानापुढे आहे तसा. लहानपणी त्यावर माझे पाय लोंबकळायचे, तीच आठवण धरून उंच बांधला आणि फसले! आता मोठी माणसंही पाय हलवत बसतात, उठायचं विसरतात. तिथल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना गिऱ्हाईक हवं म्हणून शेजारणी चालू घड्याळंही दाखवायला आणतात. त्या टिकटिकीत मला तुमचं मशीन ऐकू येतं.

आई लिहिते, महिनाभर दुकान बंद आहे. तुमच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले?

आपल्या कट्ट्याची खरी उंची मोजून कळवा. टेप दुकानातच आहे. तेवढ्यासाठी तरी कुलूप काढा.

तुमची,
धाकटी