दुधातल्या दाण्याचं नवं

बा, तुला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि मला ते संस्थानच्या शाळेने शिकवलं. तेव्हा हे मी कोणासाठी लिहितोय ते माझं मलाच ठाऊक नाही. पण बोलावं असं माणूस नाही. दाराशी बसलोय, समोर आपलं शेत आहे, आणि सामना झाल्यापासून वारा उलटा वाहतोय. भाद्रपदात असा कोरडा वारा तुझ्या हयातीत मी पाहिला नव्हता. बांधापलीकडे काही लोंब्या पांढऱ्या पडल्यात. ताठ उभ्या आहेत, आत दाणा नाही. जाणारा येणारा त्यांच्याकडे बघतो आणि पुढे जातो.

तुझा तारपा अजून चुलीवर आढ्याला टांगलेला आहे, धुराने काळा झालाय. तुझ्यासारखा तारपा वाजवणारा पाड्यात दुसरा नव्हता, आणि तुझ्यासारखा न वाजवणाराही. पेरणी झाली की नवं होईपर्यंत, म्हणजे पिकलेला पहिला दाणा कणसरीपुढे ठेवून घरच्यांनी खाईपर्यंत, तू त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. एकदा मी भर पावसाळ्यात तो खाली काढून गाल फुगवले होते. धड आवाजही निघाला नाही, तोच तू अंगणातून धावत आलास. मारशील असं वाटलं. तू तारपा काढून घेतलास आणि हळूच म्हणालास, "पोरा, कणसरी आथा पोटुशी आहे. तिचे कानाशी वाजवायचा नाय. बिचकली त दाना टाकून जाल." धान्याची देवी बिचकते म्हणे! मला हसू आलं होतं, तुझ्या तोंडाकडे बघून गिळलं.

त्याच वर्षी घरातली नागली संपली होती. आई कडूकंद चिरून राखेच्या पाण्यात उकडायची, ओढ्याच्या धारेत ठेवायची, तरी तो कडूच लागायचा. आणि बाहेर भात डुलतंय, दाण्यात दूध भरलंय. मी एक हिरवी लोंबी ओरबाडून तोंडाकडे नेतो. तू माझं मनगट धरतोस, इतकं घट्ट की लोंबी आपोआप खाली पडते. "तिला दिल्याबिगर नाय," एवढंच बोलतोस. तुझंही पोट रिकामं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे दरबारने जव्हारच्या माळावर फुटबॉल आणला. कवायत मास्तरांना डोंगर चढणारे पाय हवे होते. मी अनवाणी पळायचो, चेंडू माझा पाय सोडायचा नाही, म्हणून त्यांनी मला सगळ्यांच्या पुढे गोल मारायला ठेवलं. तू बघायला एकदाच आलास, तोही ऐन भाद्रपदात. मास्तरांनी शिट्टी फुंकली तसा तू खेळ चालू असताना डोक्यावरच्या इरल्यासकट थेट मैदानात शिरलास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू त्यांना काय सांगितलंस कोण जाणे, पण तेव्हापासून पावसाळ्यात ते लाल रुमाल हलवून खेळ थांबवायला लागले. नवं झालं की मगच शिट्टी. बाहेरचे संघ आम्हाला हसायचे, त्यांच्यात मिसळून मीही हसायचो. गोल मात्र मी त्या रुमालावरच मारले आणि त्यांच्यावर नावही कमावलं.

मग तू गेलास. मास्तर पेन्शन घेऊन देशावर गेले, माझा गुडघा कामातून गेला, आणि टीम माझ्या गळ्यात पडली, शिट्टीसकट. रुमाल मी चालू ठेवला. मी काही तुझ्यासारखा भाविक नाही, बा. पण पाड्यांवरची माणसं आपली पोरं माझ्याकडे पाठवतात ती त्या रुमालाच्या भरवशावर, एवढं मला कळतं.

यंदा बाहेरच्या पलटणीची टीम आली, आणि पंचही त्यांचाच. मी रुमालाचं बोललो तर तो खो खो हसला. दरबारचे कारभारी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "रुमाल पुरे. आणि हरलात तर हा खेळ पुढे चालवायचा कशाला, ते बघावं लागेल." सामन्याच्या आदल्या दिवशी, गोल मारायला ठेवलेला माझा पुढचा गडी समोर उभा राहिला. दाभोशाकडचा आहे, माझ्याहून चांगला खेळतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

"मास्तर, शिट्टी वाजली त मी नाय खेलायचा."

"आणि बाकीचे?"

"कोनीच नाय. नवा झाला नाय अजून."

नवं झालं नाही. ते शब्द डोक्यात बसले ते उठेचनात. सकाळी मी विळा घेऊन आपल्या हळव्या भाताच्या कोपऱ्यात गेलो. तेच आपल्याकडे सगळ्यांच्या आधी तयार होतं. दाणा नखाने दाबला तर पांढरं दूध आलं. तरी कापलं. तव्यावर परतून कोरडं केलं, कांडलं, गेल्या सालच्या तांदळात मिसळून शिजवलं, आणि पळसाच्या पानावर कणसरीपुढे ठेवलं. पोरांना अंगणात बोलावून सांगितलं, "आमचं हळवं लवकर पिकलं. नवं झालं." माझ्या गड्याने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी सांगता त झाला," तो म्हणाला. "तारपावाल्याचा पोर खोटा कसा बोलंल?" आणि सगळ्यांनी खाल्लं.

शिट्टी वाजली, बा. दरीत उतरून खालच्या खाचरांपर्यंत गेली. खाली निंदणी करणाऱ्या बाया एकदम ताठ उभ्या राहिल्या. माझ्या गड्याने असा गोल मारला की पलटणीचे शिपाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, तिथून सगळा उतार दिसत होता, हिरवागार, आणि एक पात हलत नव्हती. मला उतरवा, उतरवा, असं मी ओरडत होतो. त्यांना वाटलं मी लाजतोय.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. लोंबी किडीने पांढरी पडते, शिट्टीने नाही, असं मी स्वतःला रोज बजावतो. पण रोज थोड्या जास्त पडतात. मला कोणी विचारत नाही, कारण त्यांच्या लेखी नवं झालं आहे. आज तो गडी आला होता. म्हणाला, आईसने रानात कडूकंद खणायला काढलाय, आतापासूनच. मग जरा थांबून, "मास्तर, नवा झाला होता ना?"

"झाला होता," मी म्हणालो.

हा कागद चुलीत जाईल, तुझ्या तारप्याखाली. तिथेच उभा राहून, पोरांना वाढण्याआधी, मी एक हिरवा दाणा तसाच तोंडात टाकला होता. त्या वर्षी तू माझ्या हातून पाडलास, तसलाच. गोड होता, बा.