वास घेऊन ये

ती. आईस,

साष्टांग नमस्कार, आणि तू काळजी करायच्या आधीच सांगतो, मी पीत नाही.

नोकरी वाइनच्या दुकानात लागली, हे खरं. पण दुकान छोटं आहे. मालकीणबाई एकट्याच चालवतात आणि चव दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला बाटली विकत नाहीत. चव आम्हीही घेतो, पण तोंडात घोळवून बादलीत थुंकतो. हसू नकोस.

डोळे झाकून नुसत्या वासावर मी बाटली ओळखतो. बाई म्हणतात, "असं नाक चाळीस वर्षांत पाहिलं नाही. कुठे शिकलास?" त्यांना काय सांगू? बाबा दारात आले की तू मला पुढे धाडायचीस, "जा, वास घेऊन ये." मी त्यांना मिठी मारायचो. प्यायलेले असले, तर मागे वळून तुला मान हलवायचो. त्यांना वाटायचं, पोराची किती माया!

ते जाऊन नऊ वर्षं झाली. तरी दुकानाची घंटी वाजली की आधी नाक वर होतं, मग डोळे. परवा ओळखीचा वास आला. दारात कोणी नव्हतं.

तुझे गुडघे कसे आहेत? दाराला अजूनही दोन कड्या लावतेस का? आता कोणासाठी?

काल बाईंनी जपून ठेवलेली बाटली उघडली. म्हणाल्या, "ही थुंकायची नाही." आई, फार चांगली होती गं.

खोलीवर मी एकटाच राहतो. तरी कुलूप काढण्याआधी तळहातावर श्वास सोडून हुंगला. आणि आत तू उभी असावीस, तशी मान हलवली.

तुझाच,
धाकटा