टाकीकडच्या बास्केटबद्दल शेवटचं आणि खरं

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण दहावीच्या अलीकडे, काम उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून बाहेरून पुसणे, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, पोट भरलेलं आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दोरावर जाणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्र लिहून कारकुनाकडे द्यायचं, असा आमच्या कंपनीचा नियम आहे. कारकून दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. मी टाळलं, कारण एका जागी बसून दोन पानं लिहिण्यापेक्षा मला चौदावा मजला सोपा वाटतो. आता त्यात माझंच काम निघालं आहे, म्हणून बसलो. ते काम कलम सहापासून पुढे आहे. आधीची कलमं नियम म्हणून.

कलम एक. बँकेत जे असेल ते आईचं. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद ताई मोठ्याने वाचणार आहे आणि तिला मध्येच हसू यायला नको.

कलम दोन. मोबाइल ताईला. त्याची काच तडकलेली आहे. जगाच्या काचा पुसतोस आणि स्वतःची बघ, हे तिने मला सांगून झालं आहे, परत सांगू नये.

कलम तीन. बूट अकरा नंबरचे आहेत. भावोजींचा विचार केला होता, पण त्यांना सात नंबर लागतो आणि "दोरावरच्या माणसाला मुलगी कोण देणार" हे ते माझ्यासमोरच माझ्या आईला म्हणाले होते. बूट कोणालाही द्या, भावोजींना सोडून.

कलम चार. साबणाची डबी माझ्या खोलीतल्या वेल्डरला. साबण तो आधीपासूनच वापरतो. आता डबीवरही त्याचा कायदेशीर हक्क राहील.

कलम पाच. गणिताच्या बाईंवर माझा काही राग उरलेला नाही. थोडा होता, तो लिहिता लिहिता गेला.

कलम सहा. आता सर.

सर म्हणजे आमच्या शाळेचे बास्केटबॉलचे सर. एकतीस वर्षं त्यांनी तेच मैदान, तीच शिट्टी आणि बहुतेक तीच टोपी वापरली. मैदानाला एकच बास्केट होतं, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. दुसऱ्या बाजूचा खांब आमच्या आधीच कधीतरी पडला होता आणि त्या जागी हेडसर स्कूटर लावत. म्हणून आमचा सगळा सराव एकाच दिशेने चालायचा. चेंडू हातात आला की सर ओरडायचे, टाकीकडे! ठेंगू मुलींचा संघ त्यांनी असाच तयार केला आणि त्या मुलींनी माझ्याएवढ्या उंच मुलींना रडवून परत पाठवलं. सामन्याआधी सर खाली बसून एकेकाच्या बुटाची नाडी स्वतः ओढून बघायचे. सगळ्यांच्या. राखीव पोरांच्यासुद्धा, ज्यांना आपण खेळणार नाही हे पक्कं ठाऊक असायचं. आज मी दोरावर उतरण्याआधी माझी गाठ ओढतो, मग शेजारच्याची ओढतो. मुकादम म्हणतो, हे तुला कोणी शिकवलं? मी सांगतो. त्याला वाटतं, सर म्हणजे कोणी मोठे इंजिनियर असणार.

मला ते शिडी म्हणायचे. उंचीमुळे संघात घेतलं होतं. बाकी माझ्यात घेण्यासारखं काही नव्हतं, हे मी शुद्धीत असताना लिहितो आहे.

कलम सात. अंतिम सामना. आमच्याच मैदानावर होता. त्यासाठी आदल्या दिवशी हेडसरांची स्कूटर हलवून दुसरा खांब उभा केला. दुसऱ्यांच्या मैदानावर आम्ही दोन बास्केटांत नीट खेळायचो, कारण तिथे टाकी दिसायची नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता टाकीकडचं बास्केट आमचं नव्हतं, त्यात पडेल तो गुण समोरच्यांचा. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि चेंडू माझ्या हातात आला. सरांची शिट्टी पंचांनी जप्त केली होती, कारण सवयीने तीन वेळा वाजवून त्यांनी सामना थांबवला होता. त्यामुळे सर नुसत्या घशाने बोंबलत होते, शिडी, मागे, मागे! मी ऐकलं. मला वाटलं, मागून कोणीतरी येतंय, सावध करतायत. म्हणून मी आणखी जोरात पळालो. टाकीकडे. आणि आयुष्यात एकदाच पडतो असा सुंदर चेंडू टाकला. कड्याला लागलासुद्धा नाही, थेट जाळीत. टाळ्या वाजल्या. माझ्या बाजूने एकही नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

कलम आठ. त्यानंतर जे झालं ते फक्त मला आणि सरांना माहीत आहे. बाहेर आमचीच पोरं मला सोलायला उभी होती आणि वडील फाटकाशी होते. खेळ बंद करून कामाला लावतो, ही त्यांची धमकी वर्षभर चालूच होती. सरांनी मला साहित्याच्या खोलीत नेलं, दार लावलं. मी रडत होतो. ते म्हणाले, "मी 'टाकीकडे' असं ओरडलो आणि तू ऐकलंस. काय?"

मी म्हणालो, "सर, तुम्ही मागे म्हणालात."

"मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे. जिवंत असेपर्यंत कोणाला सांगायचं नाहीस. घे शपथ. आणि नाक पूस आधी."

मी शपथ घेतली. नाकही पुसलं. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर चूक आपल्या अंगावर घेतली. जिल्ह्याच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचंच नाव पक्कं होतं, ते महिन्याभरात गेलं. त्यांचं नाव टाकीसर पडलं, ते मात्र राहिलं. मी पुढच्या वर्षी नापास झालो आणि शाळा सोडली, पण ते माझ्या स्वतःच्या कर्तृत्वाने.

आता सर निवृत्त झाले. रविवारी अकरा वाजता शाळेत सत्कार आहे. ताई तिथेच कार्यालयात कामाला आहे, तिने फोनवर सगळं सांगितलं. चित्रकलेच्या सरांनी भेट म्हणून लाकडाची टाकी बनवली आहे, वर छोटं बास्केट लावलं आहे, आणि भाषणात तो किस्सा येणार आहे. सगळे हसतील. सर सगळ्यांत मोठ्याने हसतील. एकतीस वर्षांची नोकरी करून माणूस घरी जाणार आणि हातात माझी चूक घेऊन जाणार. मला ते नको आहे.

कलम नऊ. म्हणून माझी शेवटची इच्छा अशी. कलम सहा, सात, आठ ताईने रविवारी माइकवर वाचावीत, चित्रकलेच्या सरांच्या भाषणाआधी. ताई, भरभर वाचू नकोस. पंच शिट्टी जप्त करतात तिथे लोक हसतील, त्यांना हसू दे, मग पुढे जा.

कारकून म्हणतो, मृत्युपत्र माणूस गेल्याशिवाय उघडता येत नाही. मी म्हणालो, मला शपथेमुळे जिवंतपणी बोलता येत नाही. दोघांचं म्हणणं बरोबर निघालं. चहा संपेपर्यंत विचार करून त्याने मान्य केलं, ते असं: मला रविवारी सकाळी अकरा ते दुपारी एक एवढ्यापुरतं मयत धरावं. तेवढा वेळ मी दोरावर जाणार नाही, फोन उचलणार नाही आणि जेवणारही नाही. आईला आधी समजावून सांगावं.

सर, मी शपथ मोडलेली नाही. रागवायचंच असेल तर एक वाजल्यानंतर फोन करा, तेव्हा मी असेन.

सही: शिडी

साक्षीदार पहिला, वेल्डर: माझ्यासमोर लिहिलं. डबी मिळाली.

साक्षीदार दुसरा, कंपनीचा कारकून: वाचलं. लिहून देणारा शुद्धीत आहे. रविवारची दोन तासांची गैरहजेरी मंजूर. कारण: मयत.

ठिकाण: कामगारांची खोली, वरचा पलंग
तारीख: सत्काराच्या आधीचा मंगळवार