एकदम ठीक, साब

मनमाड, ९ फेब्रुवारी १९७९

चि. मोतीराम यास अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

लताचं पत्र आलं. तुझं अपंगत्वाचं पेन्शन बंद झालं, त्याबरोबर फौजी दवाखान्यातला इलाजही, आणि हे मला भावजयीकडून कळावं! तू मात्र पत्रात द्राक्षांचे भाव लिहितोस.

मेडिकल बोर्डाच्या तपासणीला काय दिवे लावलेस, तेही तिने कळवलंय. पहाटे उठून दाढी, बुटांना पॉलिश, आणि दाराशी काठी तिच्या हातात देऊन छाती काढून आत गेलास. साहेबांनी तब्येत विचारली तर बाहेर ऐकू येईल असं ओरडलास, एकदम ठीक, साब! अरे, तपासणीला गेला होतास की परेडला? एकाहत्तरच्या लढाईतले छर्रे अजून मांडीत आहेत, कूस बदलताना कळवळतोस, आणि म्हणे ठीक! तो डॉक्टरही मोठा शहाणा. मांडीला हात न लावता अपंगत्वाचे टक्के कमी करून मोकळा झाला. मी असते तर दोघांची खरडपट्टी काढली असती.

अपील कर. मुलांना पापा.

रागावलेली, पण तुझीच,
झुंबरअक्का

नाशिक रोड, २० फेब्रुवारी

ती. अक्कास मोतीरामचा जयभीम. वि. वि.

आधी लतावर भडकलो, मग स्वतःवर. अक्का, फौजेत साहेबांनी विचारलं की एकच उत्तर असतं. रडगाणं गाणाऱ्याला तिथे कामचुकार म्हणतात, आणि आपल्या माणसाला तसं म्हणायला तर लोक टपलेलेच असतात. मी तो शब्द कधी ऐकून घेतला नाही.

अपील केलंय. कचेरीतला कारकून मला खालीवर बघून म्हणाला, तुम्ही तर ठणठणीत दिसता. त्याच्या टेबलावर काठी आपटावीशी वाटली. आता पुन्हा जाऊन त्यांना लंगडून दाखवायचं? मला नाही जमणार. वॉचमनच्या पगारात भागवू.

भाऊजींना जयभीम. माया कमी करू नकोस.

तुझा,
मोतीराम

मनमाड, २७ फेब्रुवारी

चि. मोतीरामास आशीर्वाद.

डोंबल भागवशील! फाटकावर उभं राहून मांडी गेली की नोकरीही जाईल. लंगडून दाखवू नकोस. नुसतं लंगडणं लपवू नकोस, एवढं कर. काठी घेऊन आत जा. यात भीक कसली? छर्रे काय तू हौसेने घेतलेस?

ऐकलंस तर लोभ, नाहीतर अबोला.

अक्का

नाशिक रोड, १४ मे

ती. अक्कास जयभीम. वि. वि.

अपिलाच्या तपासणीला काठी घेऊन आत गेलो. साहेब तेच. तब्येत कशी आहे विचारलं. जीभ वळेना, तरी म्हणालो, दुखतंय साहेब, सात वर्षं दुखतंय. त्यांनी माझे जुने कागद उलटले. दर वेळी लिहिलेलं, तक्रार नाही. हसून म्हणाले, पेन्शन गेल्यावर बरं दुखायला लागलं!

अक्का, माझ्या डोक्यात तिडीक गेली. हुकूम नसताना समोरच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, कागद काय बघता, मांडी बघा. एक्सरे काढा, तोवर उठणार नाही. साहेब लालबुंद झाले, शिपायाला बोलावलं. मी हललो नाही. शेवटी वैतागून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. एक्सरेत छर्रे दिसले. पेन्शन आणि इलाज परत सुरू झाले, परवा कागद आला.

ह्यांनी साहेबांपुढे कसं ठाण मांडलं, हे लता कॉलनीभर सांगत फिरते आहे. तिला सांगू नकोस, तुला म्हणून लिहितो. बसलो रागाने, हे खरं. पण बसल्यावर मांडी अशी आखडली, की मला उठताच येत नव्हतं.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
मोतीराम