खिडकीची खोली आणि वादीची हरकत

लिहून ठेवणार सहादू भिमाजी गांगुर्डे, वय बावन्न, धंदा कोर्टाच्या बातम्या देणे, राहणार नाशिक रोड. परवा माझी छाती उघडून हृदयाची दुरुस्ती व्हायची आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे; माझी बहीण सोडून त्याला कोणी हरकत घेतलेली नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण मरणाची तारीखच लागली नव्हती.

१. माझ्यामागे त्रिसरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत. युक्तिवाद ऐकण्यात माझी सारी हयात गेली आहे.

२. माझी स्कूटर सहकारी वार्ताहर मनोज दोंदे यास. अट एकच. फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक त्याने पाठ करावा. फौजदारीत सरकार आरोपीशी भांडते, दिवाणीत एका ताटात जेवलेली माणसे आपसात भांडतात. तिथे शिक्षा होते, इथे पुढची तारीख होते. आमच्या घराच्या दाव्याच्या बातमीत त्याने मला प्रतिवादी लिहायच्या जागी आरोपी लिहिले. चौकातला पानवाला तेव्हापासून मला ‘भाई’ म्हणतो आणि पान स्वतः उठून आणून देतो.

३. संस्कृत शब्दकोश माझ्या वकीलसाहेबांना. वस्तीतले पोर संस्कृत घेते म्हणून शाळा हसली, मग वस्तीही हसली. दोघांना पुरून उरलेला हा ग्रंथ आहे. साहेबांनी माझ्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, एक वाक्य दीड पान चालवले आहे. त्याचे क्रियापद शोधायला उपयोगी पडेल.

४. आता घर. वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या. ते मृत्युपत्र न करता गेले, म्हणून कायद्याने निम्मे माझे, निम्मे बहीण नवसाबाईचे. पण आपल्याकडे बहिणीने साडीचोळी घ्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही करायची, अशी रीत. झिपरूकाका दोन्ही वस्तू एकाच पिशवीत घेऊन आले. नवसाबाईने साडी घडी मोडून पाहिली.

“साडी बरी हाय, काका. कागद तेवढा माघारी न्या.”

मी मोठ्याने हसलो. काका माझ्यावरच रुसले.

निम्म्या हिश्शाबद्दल आमचे भांडण कधीच नव्हते. भांडण आहे खिडकीच्या खोलीचे. खिडकीबाहेर शेवगा आहे. आई, पुतळाबाई, आतूनच हात घालून शेंगा काढायची. त्या खिडकीशी माझे लिहायचे टेबल आहे. त्याच खिडकीखाली नवसाबाई लग्न होईपर्यंत निजली. खोली दोघांना हवी. कायदा भिंत घालून देईल, खिडकीचे काय करील? म्हणून तिने वाटपाचा दावा लावला. ती वादी झाली, मी प्रतिवादी. संस्कृतात दोघांसाठी वेगळे द्विवचन असते. मराठीने ते टाकून दिले, दिवाणी कोर्टाने जपून ठेवले आहे.

तारखेच्या आदल्या दिवशी वादी सिन्नरहून येते आणि दाव्याच्या मिळकतीतच, खिडकीखाली, पसरते. सकाळी माझ्याच स्कूटरवर मागे बसते. द्वारका चौकाच्या गर्दीत पाठीत बोट खुपसते.

“प्रतिवादी, गिअर टाक. आपला पुकारा होऊन जाईल.”

“वादीबाई, मी गैरहजर राहिलो तर निकाल तुमच्याच बाजूने होईल.”

“तसला फुकटचा निकाल नको मला.”

पुकारा होतो, तारीख पडते, मग बाहेर झाडाखाली तिने आणलेली भाकरी. दोन्ही वकील लांबून आमच्याकडे दुःखाने पाहतात.

५. हल्ली औषधांमुळे दुपारी डोळा लागतो आणि एकच स्वप्न पडते. कोर्ट आमच्या खिडकीच्या खोलीत भरले आहे. पंखा फिरतो, पण वारा शेवग्याचा येतो. पांढरी फुले पुराव्याच्या कागदांवर पडतात आणि शिपाई ती न झाडता शिक्का मारतो. न्यायासनावर आई, मांडीवर सूप. शिपाई पुकारतो, “नवसाबाई विरुद्ध सहादू!” मी उठू पाहतो, पाय उचलत नाहीत. आई शेंग मोडते, वर न पाहता म्हणते, “दोघं आधी जेवून घ्या. निकालाला काय घाई हाय?” आणि पंख्यासह सगळे हळूहळू शेवग्यात विरून जाते.

६. माणूस मेला म्हणून दावा मरत नाही. मयताचे वारस दाव्यात आणले जातात. म्हणजे माझी पत्नी सुमन आणि मुलगी पल्लवी आत्याविरुद्ध उभ्या राहतील. आत्याला मागे बसवायला त्यांच्याकडे स्कूटरही नसेल (कलम २). हे मला नको आहे. म्हणून माझा निम्मा हिस्सा सुमनला देतो आणि सांगतो की, तिने कोर्टात तडजोड लिहून द्यावी: मागची खोली सुमनची, खिडकीची नवसाबाईची. मधल्या दाराला कोणत्याच बाजूने कडी नसावी. हे सर्व अमलात आणण्यासाठी व्यवस्थापक म्हणून नवसाबाईस नेमतो.

कलम सहा मी तिला वाचून दाखवले. ती दुधाचे पातेले विसळत होती.

“मेलेल्याची खोली मला नको.”

“अगं, कायद्याने...”

“तुझा कायदा ठेव. नऊ वर्षं झाली, तू समोर उभा राहतोस म्हणून मी येते. हरायचं तर उभा राहून हर.”

मग पातेले बराच वेळ विसळत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

मृत्युपत्राला करणारा जिवंत असेपर्यंत काही किंमत नसते, आणि ते त्याला केव्हाही फाडता येते. हे मी अनेकदा छापले आहे. यातला दिलासा आज कळला. तरीही कलम सहा कायम ठेवतो.

हे वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: नाशिक रोड. रविवार, २० जुलै २००३.

सही: सहादू भिमाजी गांगुर्डे

साक्षीदार: १. राकेश पगारे, शेजारी
२. झिपरू गांगुर्डे, काका (रुसवा कायम ठेवून)

(खाली, वेगळ्या शाईत, मोठ्या अक्षरात:)

कलम सहा मला मंजूर नाय. पुढची तारीख १८ ऑगस्ट. प्रतिवादीने जातीने हजर राहावे. भाकरी मी आणते.
नवसाबाई, वादी