पाठीवरचे एकवीस टाके

सोमवार, ४ तारीख
आज कामाला लागले. जुन्या स्टुडिओचं कपड्यांचं गोदाम, खिडकी मोठी, उजेड झकास. शिलाई मशीन कुरकुरत होतं, तेल पाजल्यावर गुमान चालायला लागलं. प्रदर्शनाच्या मॅडम म्हणाल्या, रोज काय शिवलं ते वहीत लिहायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण लिहीन. पंधरा तारखेला लोक येणार. तोवर त्या अंतराळाच्या मालिकेचे कपडे नवे कोरे दिसले पाहिजेत. छत्तीस वर्षं झाली, तरी लोकांचं वेड जात नाही.

मंगळवार, ५
गोदामवाले काका तेव्हापासून इथेच. त्यांच्याकडे गमती पोत्याने. यानाच्या भिंती म्हणजे रंगवलेले अंड्यांचे ट्रे. आपोआप सरकणारं दार दोन सुतार दोरीने ओढायचे, एकाला शिंक आली की दार अर्ध्यात. आणि सगळ्यांचा लाडका तो परग्रहावरचा प्राणी म्हणजे गाद्यांचा फोम, अन् आत माझी ताई.

ते मला सांगायला नको. माझ्या लग्नातही लोक तिलाच बघायला आले होते. गेल्या वर्षी ती गेली, तरी कौतुक संपत नाही. काका मला धाकटी म्हणतात. बावन्न वर्षांची बाई मी.

गुरुवार, ७
प्राण्याचा पोशाख खाली उतरवला. डोळे नुसते दिखाऊ, बघायचं छातीच्या फटीतून. चेन कॅमेऱ्यात दिसायची, म्हणून ताई आत शिरली की पाठ बाहेरून शिवून टाकायचे. एकवीस टाके. फोम एवढा जाड की ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही. आतून दोनदा ठोकायचं, मग शिवणारी टाके कापायची. पोटाशी मात्र ऐसपैस. ताई हात आत ओढून विणत बसायची म्हणे. काकांनी हे पाचव्यांदा सांगितलं. म्हटलं, काका, मला कामं आहेत.

पाठ उसवली.

शुक्रवार, ८
अस्तरात मापाची चिठ्ठी सापडली. छाती, कंबर, उंची. वर लिहिलंय – धाकटी. म्हणजे पोशाख माझ्या मापाने बेतला होता.

मापं आम्हा दोघींची घेतली होती. मग ताई घरी सांगत आली, धाकटी नको म्हणाले. मी तीन वर्षं तिचा डबा बांधला. खोटारडी. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार.

शनिवार, ९
उसवलेली पाठ आज शिवलेली. एकवीस टाके, सगळे उलट्या बाजूला झुकलेले. डाव्या हाताचे. काका म्हणाले, मी नाही. त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

डावखुरी आमच्यात एकच होती.

उसवली.

सोमवार, ११
परत शिवलेली. उसवली. म्हटलं, ताई, तुझं मिरवून झालं. आता सोड.

बुधवार, १३
घालून बघितला. तीन बाळंतपणं झालेली बाई, सोळाव्या वर्षाच्या मापात शिरायलाच नको. शिरले. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. आरशात बघितलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

काका दारातून म्हणाले, "अगदी ताई उभी आहे असं वाटलं गं, धाकटे."

कात्री फेकून मारणार होते.

शुक्रवार, १५
लोक यायच्या आत शिरले. सगळ्यांसमोर बाहेर यायचं ठरवलंय. चिठ्ठी दाखवणार. ती वहीतच आहे, पेन्सिलही घेतली –

मागे सुई. फोममधून दोरा ओढल्याचा आवाज. मोजले. एकवीस.

मागे तर भिंत आहे.

तोच दिवस
हात आत ओढून लिहितेय. फटीतून गर्दी दिसते. दोनदा ठोकलं. टाळ्या. परत ठोकलं – पोरं हसतात. मॅडमना वाटतं काकांनी आत काही बसवलंय. काकांना वाटतं मॅडमनी –

मानेवर श्वास. गरम.

दोघींना जागा नाही गं इथे. वाटून घ्यायची तिला सवयच –

काका डोळे पुसतात. सांगतात, ताई अशीच ठोकायची. सगळे तिचं नाव – माझ्याकडे बघून तिचं नाव –

चिठ्ठी ओढली. दे. माझी आहे –

ती नाही. आत मी आहे. काका, मी. धाक